बाक

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट येते
तेव्हा आधी तिचं तोंड खाली येतं,
साखळ्या करकरतात, लोखंडी फळी काठाला टेकते,
आणि मगच माणसं, स्कूटरी, पावाची एक सायकल.
दिवसातून कितीदा टेकत असेल.
कुणी म्हणत नाही, बोट लाचार आहे.

मी मडकईहून निघाले होते.
मांडीवर बाबांचा गज,
जुन्या लुगड्याच्या काठात गुंडाळलेला.

गज म्हणजे शाळेत हत्ती होता,
कापडाच्या दुकानात माप,
खिडकीत लोखंड.
आमच्या घरी गज म्हणजे बाबांचा उजवा हात,
बोटांपुढे दोन फूट वाढलेला.

जत्रेच्या नाटकांना ते विंगेजवळ बसत.
शेवटी सगळे प्रेक्षकांपुढे वाकत,
राजा, विदूषक, पेटीवाले,
मिशी अर्धी सुटलेला सेनापतीसुद्धा.
बाबा सरळ.
"मोडेन," म्हणत, "पण..."
उरलेलं वाक्य आई पुरं करी,
पेज वाढता वाढता, कंटाळून.

देवळात हात जोडत, मान नाही.
मी पाया पडायला गेले की पाय मागे घेत:
"ऊठ. जमिनीवर काय हरवलंय तुझं?"
फक्त व्हायोलिन खांद्याला लावलं
की हनुवटी लाकडावर टेकायची,
आणि मान अशी कलायची
जणू आत कुणी रागावतंय
आणि ते ऐकून घेताहेत.

माळारला देओदात मेस्तांची चौकट ठेंगणी.
कपाळ आपटलं.
"सगळ्यांचं आपटतं," आतून आवाज, "पहिल्यांदा."
पाठ इतकी उतरलेली
की ते माझ्या चपलांशीच बोलत होते.
कपेलातून आलेल्या जुन्या बाकावर बसले,
गज उलगडला, एक डोळा मिटून
काडीवरून नजर नेली, बंदूक पारखावी तशी.

"बाक कुठे गेला?"
मला वाटलं, बसायचा.
"हिचा, बाये. काडी आत वाकलेली असते
म्हणून केस ताठ राहतात.
ही बघ, सरळ झालीय. दुखणं आहे ते.
वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा असतो.
शाणूनं जन्मात केला नसेल."

बाबांचं नाव मी अजून सांगितलं नव्हतं.

मुठीजवळ, शिंपल्याच्या ठिपक्याखाली
सुईनं कोरलेला एक डी. राळेनं बुजलेला.
"अडुसष्ट साली नेला. एका जत्रेपुरता."
"परत द्यायला आले नाहीत?"
"आला असता तर ह्याच दारातून यावं लागलं असतं."
हसले की खोकले, कळलं नाही.

दिवा पेटवला. स्पिरिट नव्हतं, फेणी होती.
खोलीभर काजूचा वास,
ज्योत निळी, जवळजवळ नसलेली.
काडी तिच्यावरून फिरवायची, थांबवायची नाही,
मग दोन अंगठे, हळू.
गार असली तर ऐकत नाही,
घाई केली तर गेली.
मी श्वास धरून बघत राहिले,
कुणीतरी बाबांना वाकवतंय.

मोडले नाहीत.

मग केस बदलले, राळ लावली,
भिंतीवरचं व्हायोलिन काढून
त्यांनी एकच तार ओढली, लांब, घोगरी.
परसातली कोंबडी गप्प झाली.
मी म्हटलं, "तुमचाच आहे, ठेवा.
घरी आता वाजवणारं कुणी नाही."
"मग तर सैलच ठेव," म्हणाले,
स्क्रू तीन वेळा उलटा फिरवला
आणि गज माझ्या हातात दिला.
पैशांचं विचारलं, तर चपलांकडे बघत
मान हलवली. नाही म्हणून की नंतर म्हणून,
तेही कळलं नाही.

निघताना मी वाकले,
चौकटीच्या बऱ्याच अलीकडे.
मेस्तांना वाटलं, दारासाठी.
मलाही तसंच वाटलं,
फेरीच्या धक्क्यापर्यंत.